फाळके स्मारकात एक खोली सरस्वतीबाईंची हवी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थ जवळ आला की नाशकात रस्ते, पूल, घाट यांच्या याद्या निघतात. निघाव्यातच. त्या धांदलीत पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या दादासाहेब फाळके स्मारकाच्या नूतनीकरणाचा विषयही अधूनमधून डोके वर काढतो. त्याबद्दल माझी एक लहानशी, फारशी खर्चिक नसलेली सूचना आहे : तिथे एक खोली दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई यांच्या कामाची असावी. तिला निमित्त झाले इंग्लंडमधल्या एका घराचे. शिकायला तिकडे गेलेल्या पुतणीने त्याचे फोटो पाठवले, तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे.

आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर फ्रेशवॉटर या गावी हे घर आहे. नाव डिंबोला. इथे राहणाऱ्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचा जन्म 1815 चा, आणि तोही आपल्या कोलकात्यातला. नवरा चार्ल्स हे मेकॉलेसाहेबांच्या विधी आयोगाचे सदस्य. म्हणजे परवापरवापर्यंत आपण ज्या भारतीय दंड विधानाची कलमे ऐकत होतो, त्याच्या घडणीत या घराचाही हात. बाईंना 1863 मध्ये, वयाच्या 48 व्या वर्षी, मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला. आई एकटी पडते, तिला काही विरंगुळा असावा एवढाच त्यांचा हेतू. बाईंनी मात्र कोळशाच्या कोठीची डार्करूम केली आणि काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ. खुराड्यातल्या कोंबड्या सोडून दिल्या, कोणी खाल्ल्या नसतील अशी आशा आहे, असे त्यांनीच गमतीने लिहून ठेवले आहे.

मी डिजिटलपूर्व काळात फोटो स्टुडिओत काम केले आहे. लाल दिवा आणि हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, वास मला परका नाही, पण या बाईंचे काम त्याहून कितीतरी किचकट होते. काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतायचे, ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात सरकवायची, समोरच्या माणसाला कित्येक सेकंद, कधी मिनिटे, न हलता बसवायचे आणि काच वाळायच्या आत डेव्हलप करायची. बोटे काळी पडत. फोटो ‘हलले’ म्हणून त्या काळचे जाणकार नावे ठेवत. पण डार्विन, कवी टेनिसन, खगोलशास्त्रज्ञ हर्शेल यांचे त्यांनी टिपलेले चेहरे पाहा. आणि त्यांच्याइतक्याच तोलाने टिपलेली घरातली मोलकरीण मेरी हिलियर पाहा. बारा-एक वर्षांत सुमारे 900 छायाचित्रे. 1875 मध्ये हे कुटुंब श्रीलंकेला गेले आणि 1879 मध्ये बाई तिथेच वारल्या.

पुढे हे घर पाडायची वेळ आली होती. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याच नावाच्या एका ट्रस्टने ते विकत घेऊन वाचवले. आज तिथे छोटेखानी दालन आहे, चहाची सोय आहे. त्यांच्या मूळ छायाचित्रांचे मोठे साठे लंडनला आणि इतरत्र आहेत. फ्रेशवॉटरकडे आहे ती काम जिथे झाले ती जागा.

आता नाशिक. दादासाहेबांनी ‘राजा हरिश्चंद्र’नंतर, 1913 मध्येच, बिऱ्हाड आणि कारखाना इथे हलवला. ‘मोहिनी भस्मासूर’ इथलाच, पुढची हिंदुस्तान फिल्म कंपनीही इथलीच. दादासाहेबांचे निधनही 1944 मध्ये याच गावात झाले. हे सगळे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण कॅमेऱ्यामागे त्यांच्याबरोबर जी बाई उभी होती, तिच्याबद्दल विचारले तर ‘दागिने विकून पतीला साथ दिली’ एवढ्यावर आपली मजल संपते. दागिने दिले हे खरेच. पण सरस्वतीबाई फिल्म डेव्हलप करत, रसायने कालवत, भर उन्हात पांढरी चादर धरून पात्रांवर उजेड पाडत, सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. आणि फिल्मला भोके पाडत, ज्यांत यंत्राचे दात अडकून फिल्म पुढे सरकते ती भोके. त्या वेळी कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येई. ती भोके घरी, अंधारात, यंत्राने पाडावी लागत.

हिशेब करून पाहावा. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंना चार-चार भोके. म्हणजे फुटाला 128. ‘राजा हरिश्चंद्र’ 3700 फुटांचा. एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या घरात भोके झाली, आणि त्यात निगेटिव्ह धरलेली नाही. एक भोक तिरके गेले तर चित्र पडद्यावर नाचणार. हे काम ‘साथ’ या शब्दात मावत नाही.

कॅमेरॉनबाई छायाचित्रांवर सही करत, त्यांच्या हक्कांची रीतसर नोंदणी करत. म्हणून दीडशे वर्षांनंतरही त्यांचे काम त्यांच्या नावावर आहे. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचीही सुरुवातीची छायाचित्रे नवऱ्याच्या नावाने छापली जात. सरस्वतीबाईंचे तर फ्रेममध्ये लावण्यासारखे काहीच नाही, त्यांचे काम फिल्मच्या काठावर आहे. त्यामुळे भिंतीवर चार फोटो आणि हार घातलेली तसबीर लावून त्यांचे दालन होणार नाही. तिथे काम दाखवावे लागेल.

म्हणून स्मारकात एक अंधारी खोली असावी. लाल दिवा, ट्रे, वाळत टांगलेली फिल्म आणि भोके पाडायच्या यंत्राची चालती प्रतिकृती. शाळेच्या सहलीतल्या मुलांनी स्वतः फूटभर फिल्म घालून पाहावी. ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ यांचे जे भाग वाचले आहेत, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून मागून सतत फिरते ठेवावेत. ‘कालिया मर्दन’मधला बाळकृष्ण म्हणजे सरस्वतीबाईंची लेक मंदाकिनी, हेही मुलांना कळेल. जुन्या स्टुडिओंची उपकरणे नाशकात अजून माळ्यांवर पडून असतील, भंगारात जाण्याआधी ती मागावीत. दाखवायला माझ्यासारखे निवृत्त लोक फुकट येतील.

दारावरच्या पाटीबद्दल एवढेच सांगतो : पहिल्या ओळीत ‘सरस्वतीबाई फाळके, फिल्म तंत्रज्ञ’ असावे. ‘दादासाहेबांच्या पत्नी’ हे दुसऱ्या ओळीत चालेल.

आपला,
एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक