परभणीच्या गॅरेजवाल्या काकांस

काका, सादर नमस्कार.

तोंडावर धन्यवाद म्हटलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय मोडता. म्हणून हे उघड पत्र. शिवाय घरातलं जुनं मॉडेल थिनरमध्ये बुडवायला निघालेल्या कुणाच्या वाचनात आलं, तर तेवढं एक मॉडेल वाचेल.

त्या दिवशी मी आलो तो रुमालात विमान गुंडाळून. हवाई दलाच्या नॅट या छोट्या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल, 1:72 मापाचं, नाकापासून शेपटीपर्यंत जेमतेम 12 सेंटिमीटर. बाबांनी ते मी शाळेत जायच्याही आधी जोडलं होतं. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर नॅट घेऊन लढलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों म्हणजे बाबांचं दैवत. हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं, हे आम्हा भावंडांना पाढ्यांआधी पाठ होतं. त्या चंदेरी विमानाला धाकट्यानं एका पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला हिरवा ऑइलपेंट फासला. बाबा काही बोलले नाहीत. विमान मात्र शोकेसमधून पेटीत गेलं.

बाबा गेल्यावर ते हाती लागलं आणि मला धीर धरवला नाही. ॲसिटोनवाल्या नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा उभ्या शेपटीवर फिरवला. रंग निघाला, पण खालचं प्लास्टिकही मऊ पडून तार धरून बोळ्यासोबत आलं. शेपटीचं टोक गेलं ते गेलंच.

"कायला घाई करायलास लेकरा?" एवढंच म्हणालात. रागावला असतात तर बरं वाटलं असतं. मग विमान उजेडात धरून तुम्ही जे सांगितलंत ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं: रंग काढायच्या आधी खाली काय आहे ते बघ. शिशाचा शिपाई असता तर ॲसिटोन चाललं असतं. हे पॉलिस्टायरीन नावाचं प्लास्टिक, त्याला ॲसिटोन आणि रंग पातळ करायचं एनसी थिनर दोन्ही खातात. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून मी आयसोप्रोपिल अल्कोहोलही आणलं होतं. ॲक्रिलिक रंगाला ते चांगलं, पण शिंगांचा तो जुना ऑइलपेंट त्याला दाद देईना.

बाईकच्या टाकीवर ब्रेक ऑइल सांडलं की रंग फुगतो, हे तुम्ही आयुष्यभर गिऱ्हाइकांना बजावत आलात. तेच इथं कामी आणलंत. तेही थेट नाही. पंखाखालची तुटलेली इंधनटाकी आधी रात्रभर त्यात ठेवलीत आणि सकाळी नखानं दाबून पाहिलीत. प्लास्टिक टणकच होतं. ब्रेक ऑइलमध्येही डॉट 3 प्रकारचं घ्यायचं, सिलिकॉनवालं डॉट 5 रंगाला काही करत नाही, हेही तेव्हाच कळलं. कॉकपिटची पारदर्शक काच मात्र तुम्ही अलगद सोडवून बाजूला ठेवलीत. तिला धोका नको.

आणि मग विचारलंत, "खालचा बाबांचा चंदेरी रंग बी जाईल. चालंल का?"

या प्रश्नासाठी मी तुमचा सगळ्यात जास्त ऋणी आहे. माझ्या डोक्यात तो आलाच नव्हता. दोन दिवस विमान घरी नेलं, सगळ्या बाजूंनी फोटो काढले, आईला विचारलं, मग हो म्हणालो.

लोणच्याच्या काचेच्या बरणीत, हातमोजे घालून, सावलीत. दर दोन तासांनी झाकण उघडून बघायचं. दिवसेंदिवस विसरून ठेवलं तर प्लास्टिक ठिसूळ होऊ शकतं, असं तुमचं म्हणणं. संध्याकाळपर्यंत हिरव्या रंगावर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या आल्या. मऊ टूथब्रशनं, पत्र्यांच्या जोडांच्या बारीक रेषांच्या दिशेनं, जोर न लावता. खाचेत अडकलेलं टूथपिकनं. सुईला तुम्ही हात लावू दिला नाहीत. शेवटी भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी, कढत नाही, नाहीतर पंख वाकले असते. वापरलेलं तेल मोरीत ओतायला निघालो तर तुम्ही हात धरून ते गॅरेजच्या खराब ऑइलच्या डब्यात टाकायला लावलंत.

उघड्या करड्या प्लास्टिकवर, डाव्या पंखाच्या मुळाशी, एक ठसा दिसला. मला वाटलं रंग राहिलाय, म्हणून पॉलिश पेपर उचलला. तुम्ही मनगट धरलंत. किटचा गोंद प्लास्टिक विरघळवूनच जोड पक्का करतो; तो ओला असताना बाबांचा अंगठा टेकला असणार. रेषा न् रेषा उमटली आहे. ब्रेक ऑइलनं ती गेली नाही, माझ्या घाईनं मात्र मिनिटभरात गेली असती.

विमानाला प्रायमर मारलाय, तेवढी जागा झाकून. चंदेरी रंग तुमच्यासमोरच द्यायचा आहे. तुमची बरणी धुऊन ठेवलीय. रविवारी घेऊन येतो. चहा आधी घेईन.

तुमचा,
नॅटवाला पोरगा