गिऱ्ह्याला त्याची हद्द असू द्या

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर एका पालकांचं पत्र आलं होतं. मुलं सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास फासे टाकत भुताखेतांचे खेळ खेळतात, यातून अंधश्रद्धाच वाढणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांची काळजी मला कळते. पण हाच खेळ दर रविवारी परळला माझ्या घरी, माझ्या जेवणाच्या टेबलावर चालतो आणि त्यातलं एक भूत मी स्वतः दिलेलं आहे. म्हणून हे पत्र.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात, आणि पुढे काय होणार हे जिथे अडतं तिथे वीस बाजूंचा फासा पडतो. आमच्याकडे गोष्ट चालवतो माझा नातू. मुलीचा मुलगा, यंदा दहावीला आहे. जूनमध्ये एकदा त्याने विचारलं, "आजी, पाण्यात राहणारं, मेलेलं पण नीट न मेलेलं असं काहीतरी पाहिजे. तुझ्याकडे आहे का?"

खेळाच्या नियमपुस्तकांत तसं एक आहे, लॅसिडॉन नावाचं, समुद्रात राहणारं आणि प्रेतं खाणारं. त्याचं वर्णन त्याने मला वाचून दाखवलं. अंगावर येतं, त्याचा स्पर्श झाला की माणूस जागच्या जागी लुळा पडतो, आणि तलवारीने ते मरतं. ऐकून माझं समाधान होईना. बुडून गेलेल्या माणसाचं त्यात काहीच नव्हतं. तो कोण होता, पाण्यातच का अडकला, त्याला काय हवंय, काही नाही. मी म्हटलं, वही घे आणि लिही, गिऱ्हा.

माझी आजी अलिबागजवळच्या रेवसच्या बाजूची. गिऱ्ह्याची गोष्ट ती चुलीपुढे बसून सांगायची, आणि सांगताना आवाज चढवायची नाही, उलट खाली आणायची. गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून गेलेला. ज्या पाण्यात गेला ते पाणी हीच त्याची हद्द. कोरड्या जमिनीवर त्याचं काही चालत नाही. रात्री खाडी उतरणाऱ्याला तो ओळखीच्या आवाजात नावाने हाक मारतो, "इकडून ये, इथे पाणी कमी आहे" म्हणतो, आणि खोलात नेतो. त्याच्या डोक्यावरचा केस ज्याच्या हाती लागला त्याचा तो गडी होऊन राहतो, सांगेल ते काम करतो. पण एकदा का केस त्याला परत मिळाला, की मग त्या घराचं काही खरं नाही.

मुलांनी यातून जे केलं ते पाहून मी चाळीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिलेली बाई चकित झाले. त्यांनी पाण्याच्या खोलीवर नियम बसवले. पाणी घोट्यापर्यंत असेल तर गिऱ्ह्याची नुसती हाक ऐकू येते. गुडघ्यापर्यंत असेल तर हाक ऐकणाऱ्याने फासा टाकायचा, चौदापेक्षा कमी पडले तर हाकेच्या दिशेने दोन पावलं जायचं. कमरेच्या वर पाणी गेलं की त्याचा हात पोचतो. मग प्रश्न आला, खाडीला पाणी किती हे कसं ठरवायचं? तेव्हा मी त्यांना कोळीवाड्यातला हिशेब शिकवला, तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. नातवाच्या वर्गातली एक मुलगी उठली, स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरचं कालनिर्णय काढून आणलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. तेव्हापासून गिऱ्ह्याशी गाठ पडायच्या आधी ही मुलं तिथी बघतात. पंचांगाचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

नातवाने मग आणखी शोधाशोध केली. उत्तर नॉर्वेत बुडालेल्या कोळ्याचं भूत अर्ध्या होडीत बसून वल्हवत येतं, त्याला ड्रॉग म्हणतात. काहींच्या सांगण्यात त्याच्या डोक्याच्या जागी समुद्रातल्या शेवाळाचा झुबका असतो. जपानात बुडालेले लोक होडीपाशी येऊन वाढायचा डाव मागतात. दिला, तर त्याच डावाने पाणी भरून होडी बुडवतात, म्हणून तिथले खलाशी बिनबुडाचा डाव द्यायचे. मला हे फार आवडलं. तलवार कुठेच नाही. ज्याला रीत माहीत आहे तो वाचतो.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते.

श्रावणातल्या एका रविवारी, बाहेर धो धो पाऊस, जवळच्या हिंदमाता चौकात पाणी भरलेलं, म्हणून मुलं घरी जाऊ शकत नव्हती आणि खेळ लांबला. त्यांची पात्रं मांडव्याच्या बाजूच्या एका खाडीत कमरेइतक्या पाण्यात उभी. गिऱ्ह्याने एकाला हाक मारली, फाशावर तीन पडले, आणि सगळे श्वास रोखून बसले. तेवढ्यात ती कालनिर्णयवाली मुलगी म्हणाली, "थांबा. हा आपल्याला नावाने हाक मारतो. याचं नाव काय होतं?"

नातवाने माझ्याकडे पाहिलं. मी उठून आत गेले, पाणी प्यायले, आणि परत येऊन त्यांना रामदास बोटीची गोष्ट सांगितली. १७ जुलै १९४७, गुरुवार, गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आमच्या आजोबांचा धाकटा भाऊ तिच्यावर होता. गिरणीतून सणाला घरी निघाला होता. तो सापडला नाही. घरच्यांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. आजीच्या गोष्टीतला आवाज खाली का यायचा, हे मला फार उशिरा कळलं.

टेबलावर बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मुलांनी आपसात ठरवून नियम बदलला. गिऱ्ह्याला शस्त्राने कितीही मारलं तरी तो पुढच्या भरतीला परत येतो. पण त्याचं नाव आणि त्याचं गाव शोधून काढून, कोरड्या किनाऱ्यावर उभं राहून कोणी त्याला तीनदा हाक मारली तर तो सुटतो. नाव शोधायला मुलांना पुढचे तीन रविवार लागले. गावोगाव विचारत फिरली, गोष्टीतच. शेवटी सापडलं तेव्हा हाक मारायचा मान त्यांनी मला दिला. मी मारली. तीनदा.

पत्र लिहिणाऱ्या पालकांना माझी हात जोडून विनंती आहे, एकदा मुलांशेजारी बसा. अंधश्रद्धेत माणूस भितो आणि विचारत नाही. ही मुलं विचारतात. भुताची हद्द कुठे, ताकद किती, ते आलं कुठून, सगळं ठरवतात, पटलं नाही तर खोडतात. आणि जी तरुण मंडळी असले खेळ मराठीत करू पाहतात त्यांना एवढंच म्हणेन, की गिऱ्ह्याचं नुसतं नाव उचलून परक्या राक्षसाला चिकटवू नका. त्याची हद्द, त्याची हाक, त्याचा केस, हे सगळं सोबत घ्या.

एक गोष्ट मात्र आमच्या टेबलावर अजून सुटलेली नाही. केस हाती लागला तर तो घरात कुठे ठेवायचा? माझी आजी एवढंच म्हणायची, "पाण्यापासून लांब." मुलांना नेमकी जागा हवी आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी ही गोष्ट वेगळी सांगत असतील, तर त्यांनी कृपया याच पानावर कळवावं. येत्या अमावास्येच्या आत कळलं तर बरं, त्या रविवारी मुलं पुन्हा खाडीत उतरणार आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
परळ, मुंबई