टिशू कल्चरवाल्या ताई, थँक्यू म्हणायचं राहिलंच

ताई, तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला आवडायचं नाही. पण माझ्या थिसिसच्या आभारात तुमच्या वाट्याला "सर्व लॅब स्टाफ" एवढंच आलं आणि छापून हातात आल्यावर मलाच कसंतरी झालं, म्हणून हे लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. गोळीत औषधाशिवाय जे ट्वीन ८०, मॅनिटॉल वगैरे घालतात ना, त्याला सगळे इनॲक्टिव्ह म्हणतात पण ते गप्प बसतंच असं नाही. आतड्याच्या पेशींवर पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप असतो, डिगॉक्सिनसारखं औषध आत शिरलं की परत बाहेर ढकलतो, आणि ट्वीन ८० या पंपाला आडवं येतं. हेच मी कॅको-टू सेल्सवर, म्हणजे लॅबमध्ये वाढवलेल्या, आतड्याच्या आवरणासारख्या वागणाऱ्या पेशींवर बघत होते. त्यांचा थर नीट तयार व्हायला २१ दिवस, दिवसाआड मीडिया (पेशींचं पातळ खाद्य, जुनं झालं की पिवळं पडतं) बदला, रविवार नाही सण नाही.

तर माझा रेशो, म्हणजे बाहेर ढकललेलं भागिले आत गेलेलं, धाडकन खाली येऊन १ झाला, म्हणजे दोन्ही सारखं. सर म्हणाले झालं की, पंप बंद पडला, लिहून टाक. सीनियर्सना विचारलं तर "प्रोटोकॉल मेल करतो", तो मेल अजून यायचाय. तुम्ही मात्र माझी वही ओढून घेतलीत आणि म्हणालात, "भागाकार सोड गं, दोन्ही आकडे वेगवेगळे बघ. पंप बंद पडला तर बाहेर जाणारं कमी व्हायला हवं, तुझं तर दोन्हीकडून वाढलंय. ल्युसिफर यलो टाकलं होतंस?" नव्हतं टाकलं. टाकलं तर सगळं आरपार! हा रंग एरवी पेशींमधल्या फटीतून जेमतेम जातो, म्हणजे माझा थरच फाटला होता. ट्वीन शेवटी साबणाचा भाऊ, मी सेल्स मारत होते आणि त्याला ॲब्सॉर्प्शन वाढलं म्हणत होते. ट्वीन कमी करून पुन्हा केलं तेव्हा बाहेर जाणारं खरंच घटलं, आत जाणारं थोडं वाढलं, गळती नाही.

पण मला रडू आलं ते यामुळे नाही. विसर्जनाच्या दिवशी रस्ते बंद, मी हडपसरला अडकलेले, मीडिया बदलायचा दिवस, कुणाला सांगायचीही लाज वाटली. दुसऱ्या दिवशी धावतपळत आले तर प्लेटच्या झाकणावर चिकटपट्टी: "बदललाय. पिवळा पडत होता. आधी चहा पी."

न सांगता केलंत हो. हुशार माणसं आमच्याकडे पोत्याने आहेत, पण आपलं काम आटोपल्यावर शेजारच्या प्लेटचा रंग बघणारं कोण असतं?

ती पट्टी वहीत चिकटवलीये. आणि या रविवारी तुम्ही येऊ नका, लॅबमध्ये मी आहे, तुमच्याही प्लेट्सचा मीडिया बदलून ठेवते.