चार की आठ?

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तू नेमकं काय करतेस ते एकदा नीट सांग. कुणी विचारलं की मी आपलं 'कॉम्प्युटरवर काहीतरी डिझाइनचं' म्हणून वेळ मारून नेतो." तेव्हा मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न रास्त आहे आणि उत्तर फोनवर मावणारं नाही. म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय.

आतापर्यंत मी काय करत होते ते तुम्हाला माहीत आहे. वेष्टनं, जाहिराती, सेलचे बॅनर, आणि "लोगो जरा मोठा करा" म्हणणारे क्लायंट. त्यात कमीपणा काही नाही. त्याच कामावर माझा हात तयार झाला. पण एक शाम्पू दुसऱ्या शाम्पूपेक्षा जरा वेगळा दिसावा म्हणून आठवडाभर निळ्याच्या छटा बदलत बसलं की संध्याकाळी मनात यायचं, हे झालंच नसतं तर कुणाचं काय अडलं असतं? उत्तर दर वेळी तेच यायचं.

हा किडा माझ्या एकटीच्या डोक्यातला नाही, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. १९६४ साली लंडनमध्ये केन गार्लंड नावाच्या डिझायनरने एक जाहीरनामा छापला. त्याच्यासह २२ जणांच्या त्यावर सह्या होत्या. मांजरांचं खाणं, पट्ट्यापट्ट्यांची टूथपेस्ट, केस उगवायची औषधं असल्या गोष्टी विकण्यात आमचं कसब वाया जातंय, असं त्यांचं म्हणणं. रस्त्यावरच्या पाट्या, पुस्तकं, माहितीपत्रकं, शिक्षणाची साधनं यांना डिझायनर कोण देणार? १९९९ साली तोच मजकूर नव्याने लिहून ३३ जणांनी पुन्हा सह्या केल्या. म्हणजे मधल्या ३५ वर्षांत फार काही हललं नव्हतं, असंच समजायचं! मला त्यातली एक गोष्ट फार पटते. जाहिराती बंद करा असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. ते होणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांना अग्रक्रम बदलायला हवे होते, एवढंच.

तर सध्या माझं निम्मं काम आहे रुग्णाला घरी सोडताना हातात देतात त्या सूचनापत्रकांचं. कुठली गोळी कधी घ्यायची, टाके कधी काढायचे, काय झालं तर ताबडतोब परत यायचं. तुम्ही म्हणाल, यात डिझाइन कसलं? एक उदाहरण सांगते. आपला ४ आणि इंग्रजी आठ घाईत सारखेच दिसतात. छापील मजकूर मराठीत, त्यावर डॉक्टरांनी पेनाने भरलेले आकडे इंग्रजीत, असा कागद थकलेल्या माणसाच्या हातात पडला की दर चार तासांनी की दर आठ? म्हणून मी भरायच्या रिकाम्या जागाच काढून टाकते. तिथे घड्याळाच्या वेळा छापलेल्या असतात, डॉक्टरांनी फक्त हव्या त्या वेळेवर खूण करायची. टिंबांचंही तसंच. औषधाच्या मात्रेत १.० लिहायचं नाही, नुसतं १ लिहायचं. टिंब पुसट छापलं गेलं तर त्याचे १० होतात. आणि अर्ध्यासाठी नुसतं टिंब-पाच न लिहिता ०.५ लिहायचं, नाहीतर टिंब हरवलं की सरळ पाच. हे नियम माझे नाहीत, औषधांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्यांनी घालून दिलेले आहेत. पण कागदावर ते पाळले जातात की नाही, हे शेवटी लेआउट करणाऱ्याच्या हातात असतं.

आपल्या लिपीच्या खोड्या वेगळ्याच. इंग्रजी पत्रकाचा साचा घेऊन त्यात मराठी मजकूर ओतला की खालच्या ओळीच्या वेलांट्या आणि मात्रा वरच्या ओळीच्या उकारांत घुसतात. मराठीला ओळींमध्ये जास्त मोकळी जागा लागते. ती दिली की पत्रक एका पानाचं दीड पान होतं, आणि मग मजकूर कमी करण्यावरून माझी भांडणं सुरू होतात. ती बहुतेक वेळा मी जिंकते, हे आईला सांगायला नको.

वय वाढतं तसं डोळ्याचं भिंग पिवळसर होतं, बाहुली लहान होते आणि आत उजेड कमी पोचतो. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर विरून जातात. वेबसाइट सगळ्यांना, कमी दिसणाऱ्यांनाही, वापरता यावी म्हणून जी आंतरराष्ट्रीय सुगम्यता मानकं आहेत, त्यांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ : १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, मागितला आहे. तरी आमच्याकडे फिकट राखाडी अक्षरांची फॅशन काही जात नाही, कारण ती ठरवणारे सगळे पंचविशीतले. "हल्ली छापतातच वाईट" असं तुम्ही दोघं कुरकुरता ना, त्यात बरंच तथ्य आहे.

अमेरिकेत डेबोरा ॲडलर नावाची एक विद्यार्थिनी होती. तिच्या आजीने चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या. घरातल्या दोघांच्या बाटल्या दिसायला अगदी सारख्या. त्यावरून तिने शिक्षणाच्या शेवटच्या प्रकल्पासाठी औषधाची बाटलीच नव्याने आखली. गोल बाटली चपटी केली, म्हणजे लेबल फिरवत वाचावं लागणार नाही. औषधाचं नाव सगळ्यात वर, आणि घरातल्या प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाची कडी. २००५ साली टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने ती बाटली वापरात आणली. पुढे त्यांची औषधविक्री दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि बाटली बंद पडली. लोकांनी तक्रारी केल्या, "आमची जुनी बाटली द्या" म्हणून. एखाद्या डिझाइनची आठवण लोकांना ते गेल्यावर यावी, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला तरी माहीत नाही.

पण मन चांगलं असलं की काम चांगलं होतंच असं नाही, याचाही एक दाखला आहे, आणि तो मी समोरून कधी हलू देत नाही. २००० सालची अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक. फ्लोरिडा राज्यातल्या पाम बीच काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात, वयस्कर मतदार बरेच, म्हणून उमेदवारांची नावं मोठ्या अक्षरात बसावीत यासाठी ती समोरासमोरच्या दोन पानांवर छापली. मत द्यायचं ते नावासमोर भोक पाडून, आणि भोकं मात्र मधल्या एकाच उभ्या ओळीत. डावीकडे अल गोर यांचं नाव दुसरं, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन यांचं. त्या काउंटीत १९,००० हून जास्त मतपत्रिका एकापेक्षा अधिक भोकं पडल्यामुळे बाद झाल्या, आणि अख्ख्या राज्याचा निकाल लागला ५३७ मतांनी. हे सगळं म्हाताऱ्या माणसांच्या सोयीसाठी केलेलं!

म्हणून सामाजिक विषयावर पोस्टर केलं की समाजकार्य झालं, असं मानणाऱ्यांचा मला आता कंटाळा येतो. थेंबात पृथ्वी, कुऱ्हाडीच्या दांड्याला पालवी, असली पोस्टरं स्पर्धेत बक्षीस घेतात आणि डिझायनरच एकमेकांची पाठ थोपटतात. त्यापेक्षा एखादा सरकारी अर्ज कुणाची मदत न घेता भरता आला, तर त्या माणसाची अर्धी सकाळ वाचते. मला अर्थ सापडला तो इथे. विषय केवढा उदात्त आहे यात नाही, कागद हातात घेणारा माणूस काम पुरं करून उठला की नाही यात. आणि हे शाम्पूच्या बाटलीलाही लागू आहे. डोळ्यांत गेल्यास काय करायचं, ही ओळ वाचता येईल एवढी मोठी मी त्या काळीही ठेवायचे, क्लायंटला ती नको असली तरी.

आता आईच्या मनातला प्रश्न. हो, या कामात पैसे कमी आहेत. उरलेल्या निम्म्या वेळात वेष्टनं आणि जाहिराती चालू आहेत, तेव्हा काळजी नको. संन्यास घेतलेला नाही. लोकांना सांगताना "आमची मुलगी समाजसेवा करते" असंही सांगू नका. रुग्णालयं मला माझ्या कामाचे पैसे देतात. "लोकांना वाचून समजेल असे कागद बनवते" एवढं पुरे.

आणि माझं तुमच्याकडे एक काम आहे. सोबत तीन पत्रकं पाठवतेय, तिन्हींत तीच माहिती वेगवेगळी मांडली आहे. आम्ही ती लोकांना वाचायला देतो तेव्हा "समजलं का?" असं कधी विचारत नाही, कारण सगळे हो म्हणतात. "दोन गोळ्या दिवसातून दोनदा" हे वाक्य लोक घडाघडा वाचून दाखवतात, आणि "मग दिवसाला एकूण किती?" विचारलं की त्यातलेच काही जण "दोन" म्हणतात. त्यामुळे आई, तू आणि बाबांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून वाचा, आणि बाबा, तिला मध्येच समजावून सांगू नका. एकदा दिवसाच्या उजेडात, एकदा रात्री दिव्याखाली. जिथे ओळ परत वाचावी लागली तिथे पेन्सिलने खूण करा. वाचून झालं की पत्रक पालथं ठेवून दिवसाच्या गोळ्यांचं वेळापत्रक कोऱ्या कागदावर आठवून लिहा आणि त्याचा फोटो पाठवा. चुकलं तर चूक तुमची नाही, पत्रकाची. "छान आहे" असं मात्र कळवू नका, त्याचा मला काही उपयोग नाही. रविवारपर्यंत पाठवलंत तर सोमवारी छपाईला जाण्याआधी बदल करता येतील.

तुमची लेक