महालक्ष्म्यांना येत नाहीये, म्हणून

आद्रे, पूर्व चाड
26 ऑगस्ट 2024

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा महालक्ष्म्यांना जमणार नाही म्हटल्यावर आई फक्त "बरं" म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला. ते "बरं" अजून कानात आहे. नेटचा भरवसा नाही, म्हणून निवांत लिहून ठेवतेय, मिळेल तेव्हा पाठवेन.

सुदानच्या युद्धातून पळून आलेल्यांच्या इथल्या छावणीत पाण्याचं काम करते, त्यातून सुट्टी मंजूर झाली होती. मीच पुढं ढकलली, हे आधी सांगून टाकते. कारण पाऊस. इथं वर्षाचे बहुतेक महिने सगळं कोरडं ठणठणीत, आणि जुलै ते सप्टेंबरात कोरडे ओढे, ज्यांना इथं 'वादी' म्हणतात, एका रात्रीत दुथडी भरतात. मग टँकर अलीकडं आणि माणसं पलीकडं. शौचखड्डे तुंबले की घाण पाण्यात उतरते. वर्षाच्या सुरुवातीलाच इथं काविळीची साथ येऊन गेली, हेपटायटिस ई. गरोदर बाईला ती झाली तर जिवावर बेतते. अशा महिन्यात मला हलवत नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत, "तिथं नक्की करतेस काय?" टीसीएल टाकते, पाणी शुद्ध करायची क्लोरिनची पावडर. तुम्हाला एवढ्यात कळेल. टँकरचं पाणी मोठ्या रबरी पिशव्यांत साठवतो, क्लोरिन मिसळतो, तिथून नळकोंडाळ्याला जोडतो. क्लोरिन पुरेसं आहे का ते कळायला तुम्ही ओटीचं औषध टाकून पिवळा रंग बघायचात, आम्ही गोळी टाकून गुलाबी रंग बघतो. सुरुवातीला बायका हे पाणी ओतून द्यायच्या, औषधाचा वास येतो म्हणून. माझ्या सांगण्यानं काही झालं नाही. एका म्हाताऱ्या सुईणीनं सगळ्यांसमोर पेला तोंडाला लावला, त्यानंतर रांग लागली.

संकटात माणशी रोज 15 लिटर पाणी, आणि एका नळामागं जास्तीत जास्त 250 माणसं, असं मदतकामाचं ठरलेलं माप आहे. आई, 15 लिटर म्हणजे आपली एक घागर. पिणं, रांधणं, पोरांची अंघोळ, सगळं त्यात. तेवढंही इथं सगळ्यांना अजून पुरत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातुरात पाणी भरायच्या जागी जमावबंदी होती आणि तू रात्री दोनला हंडे घेऊन बसायचीस. इथल्या रांगेतली भांडणं मी म्हणूनच ओळखते. पाणी संपेल या भीतीनं ती होतात. "मोया माफी", म्हणजे पाणी नाही, हे दोन शब्द मी अरबीतले सगळ्यात आधी शिकले. गंमत अशी, की सुदानमधून आलेल्यांचा 'मोया' इथल्या चाडी लोकांच्या तोंडी 'अलमी' होतो.

"आपली कोण ती माणसं?" हेही तुम्ही विचारलंत. बाबा, त्याचं उत्तर फोनवर देता आलं नाही. 15 एप्रिल 2023 ला सुदानचं सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. इथून तीसेक किलोमीटरवर अल-जनीना शहर आहे. तिथं मसालित समाजाच्या लोकांना वेचून मारलं, पुरुषांना आणि मुलग्यांना पळून जातानाही रस्त्यात अडवून. त्या एका शहरात 10 ते 15 हजार माणसं मेली, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे. जे वाचले ते चालत आद्रेला आले. चाळीसेक हजारांचं हे गाव. आज त्याच्या कडेला गवताच्या आणि ताडपत्रीच्या झोपड्यांत दोन लाखांवर माणसं आहेत, बहुतेक बायका आणि मुलं. चाड हा जगातल्या अगदी गरीब देशांपैकी एक, तरी त्यानं सीमा उघडी ठेवली. मसालित अलीकडंही आहेत, पलीकडंही. मधली रेघ इंग्रज-फ्रेंचांनी आखलेली.

माझ्या नळावर रांगेची वही एक बाई सांभाळते. जनीनात शाळेत शिकवायची. नवऱ्याचं काय झालं ते तिनं एकदाच सांगितलं, मी ते इथं लिहीत नाही. रेशनची ज्वारी मिळाली की ती पीठ आंबवून तव्यावर कागदासारखी पातळ किस्रा पसरते. त्या आंबट वासानं मला आपल्या नैवेद्याची आंबील आठवली. आई, ज्वारी मुळात सुदानकडचीच आहे. तिला सांगितलं की माझी आई देवाला ज्वारीचं आंबवून देते, तर तिनं आणखी एक वाढली आणि तू कशी आहेस म्हणून विचारलं. मी म्हटलं, रुसलीय.

गेल्या आठवड्यात फेब्रुवारीपासून बंद असलेली सीमेवरची वाट मदतीसाठी उघडली. धान्याचे ट्रक सुदानच्या दारफुर भागाकडे जाताना पाहिले. तिथल्या अल-फाशेर शहराजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झालाय. ट्रक निघाले त्याचा आनंद झाला, आणि चिखलात ते किती दिवसांनी पोचतील या विचारानं झोप लागली नाही. जवळच्या फरशानाला 2004 साली उघडलेली छावणी अजून आहे. तेव्हाच्या दारफुर युद्धातून तिथं लहान मुलं म्हणून आलेल्यांना आता मुलं आहेत. त्यामुळं हे सगळे कधी परत जातील, याचं मी कुणाला आश्वासन देत नाही. उद्या सकाळी पाणी असेल, एवढंच सांगते.

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येते, ऑक्टोबरात. तो शब्द मोडणार नाही. तोवर आई, माझ्या वाटची आंबील कर.

आणि बाबा, एक काम आहे. वादीच्या काठी गावकऱ्यांच्या उथळ विहिरी आहेत, तिथं टँकर पोचत नाही. तुम्ही विहिरीत मडक्यात मडकं सोडून टीसीएल द्यायचात ना, नागपूरच्या नीरी संस्थेची पद्धत? वाळू आणि टीसीएलचं प्रमाण मला आठवतंय, पण आतल्या आणि बाहेरच्या मडक्याला भोक नेमकं किती उंचीवर पाडायचं, ते नाही. तुमच्या निळ्या वहीत आकृती आहे. त्या पानाचा फोटो लगेच पाठवा. मडकी इथल्या बाजारात मिळतात, मी बघून ठेवलीत.

तुमची
माई