सूचना : बाबांच्या रोजच्या आठवणी पाठवा

नमस्कार सगळ्यांना, बाबांना जाऊन आता वर्ष होत आलं म्हणून एक विनंती आहे, त्यांच्या ज्या काही आठवणी असतील त्या येत्या रविवारपर्यंत याच ग्रुपवर टाका. समारंभातले फोटो भरपूर आहेत आपल्याकडे, मला रोजचे बाबा हवेत. माझे ते सासरे, पण मी घरात नवीन असताना सगळ्यात आधी गट्टी जमली ती त्यांच्याशीच, आणि तीसुद्धा पेपरातलं शब्दकोडं सोडवता सोडवता. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानामागे, आणि उत्तर माहीत असूनही "उभा सात येतोय का बघ गं तुला" म्हणत पेपर माझ्याकडे सरकवायचे. असंच काहीतरी लिहा, दोन ओळी पण चालतील, शुद्धलेखन कोणी बघणार नाहीये.

फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नेहमीसारखे टाकले की क्वालिटी कमी होते. जुन्या फोटोच्या मागे काही लिहिलेलं असेल तर त्याचाही फोटो काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यांच्याकडे त्यांचे व्हॉइस मेसेज आहेत त्यांनी फोन बदलायच्या आधी ते चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करून ठेवा प्लीज, त्यांचा आवाज परत कुठून आणणार आपण.

मुलांनाही विचारा, आजोबा त्यांच्याशी काय काय बोलायचे ते आपल्याला कुठे नीट माहितीये. टाईप करायला जमत नसेल तर मला फोन करा, मी लिहून घेईन.