तीन नंबरच्या खिडकीशी स्टूल ओढून बसलेल्या दादांना

आदरणीय दादा,

नाव लिहायचं नाही, असं निघताना बजावून गेलात, म्हणून लिहीत नाही. मिहानमधल्या कंपन्यांत नेटवर्कची नोकरी करणारे पुष्कळ आहेत, कोणाला पत्ता लागायचा नाही. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहून राहिली आहे. आमच्या दवाखान्यात सॉफ्टवेअरच्या नावानं जे चाललं होतं, ते धंतोली-रामदासपेठेतल्या आणखीही दवाखान्यांत चालत असेल. आणि तिथंही एखादी पोरगी "तूच चुकीचं बटन दाबतेस" हे रोज ऐकत असेल.

मी कॉम्प्युटरमधली बाई नाही. ओपीडीची नोंदणी माझ्याकडे. केस पेपर, टोकन, रांग, आणि रांगेतली भांडणं. सॉफ्टवेअर आल्यापासून मात्र आम्ही सगळेच त्याच्या भरवशावर. नोंदणी त्यात, बिल त्यात, लॅबचे रिपोर्ट त्यात, सीटीची चित्रं त्यात. ते बसलं की दवाखाना बसतो. आधी एकच सर्व्हर होता आणि सोमवारी सकाळी तो हमखास झोपायचा. मग कंपनीनं दोन सर्व्हर दिले आणि त्यांच्यापुढे काम वाटून देणारा एक डबा लावला. लोड बॅलन्सर. नारळ फुटला, पेढे वाटले, प्रोजेक्टरवर रंगीत बाण दाखवून झाले. आता सिस्टीम कधीच बंद पडणार नाही, असं टाळ्या घेऊन सांगितलं गेलं.

बंद नाही पडली, हे खरं. तिनं आमच्या पोरींनाच बाहेर फेकायला सुरुवात केली.

ज्यांनी नोंदणीची खिडकी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. समोर छिंदवाड्याहून पहाटेच निघून आलेली आजी असते. तिच्या हातात साडीच्या दुकानाची पिशवी. त्या पिशवीत आणखी एक पिशवी, तिच्यात जुना डिस्चार्ज कार्ड, घडी घालून चिरलेला एक्स-रे, राशन कार्ड, प्रसादाची पुडी, आणि सगळ्यात खाली रुमालात बांधलेलं आधार. "बहनजी, इसी में रखा था," म्हणत ती एकेक वस्तू खिडकीच्या कठड्यावर मांडत जाते. पोरीनं तोवर नाव, गाव, वय, सरकारी आरोग्य खात्याचा १४ आकडी आभा नंबर, कोणत्या डॉक्टरकडे, सगळं भरलेलं असतं. फक्त आधार राहिलेलं. ते सापडतं, पोरगी आकडे टाकते, सेव्ह दाबते, आणि समोर पुन्हा लॉगिनचं पान. भरलेलं सगळं गेलं. पुन्हा नाव, पुन्हा गाव, पुन्हा ते १४ आकडे. मागून रांग ओरडते, आजीला वाटतं आपल्यामुळेच झालं, ती हात जोडते. मे महिन्यात, कूलर गरम हवा फेकत असताना, हे दिवसभर पाहायचं.

आणि गंमत म्हणजे प्रत्येक वेळी असं व्हायचंही नाही. कधी व्हायचं, कधी नाही. त्यामुळे आमच्यावर कोणाचा विश्वासच बसेना.

कंपनीला फोन केला की ठरलेलं उत्तर यायचं, आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय. सॉफ्टवेअरवाले म्हणायचे नेटवर्क पाहा, नेटवर्कवाले म्हणायचे सॉफ्टवेअर पाहा. एकदा त्यांचा माणूस प्रत्यक्ष आला, तोही खिडकीवर नाही, वर एसीत. त्यानं भराभर चार क्लिक केले, सगळं चाललं, आणि "युजरचा प्रॉब्लेम आहे" असा शेरा मारून तो विमानतळाकडे निघाला. त्या शेऱ्यावरून आमच्या पोरींना माउस कसा धरायचा याचं ट्रेनिंग देण्यात आलं. मी थट्टा करत नाही. आणि तीन नंबरच्या खिडकीवरची, जी हिंगण्याहून दोन बस बदलून येते आणि सगळ्यांत भरभर टाइप करते, तिच्या हातात लेखी समज ठेवली गेली. तिच्या खिडकीवर तक्रारी जास्त म्हणून. तिच्या खिडकीवर तक्रारी जास्त होत्या, कारण म्हातारी माणसं तिच्याकडेच पाठवली जायची. ती चिडत नाही म्हणून.

अशा वेळी आमच्या सीटीवाल्या भाऊंनी तुम्हाला गाठलं. तुमची ड्यूटी सुटल्यावर तुम्ही आलात. सगळे तुम्हाला सरळ सर्व्हर रूमकडे घेऊन निघाले होते. तुम्ही जिन्यातच थांबलात आणि विचारलं, "पण त्रास कुठं होऊन राहिला आहे?" कोणीतरी म्हणालं, खाली ओपीडीत. तुम्ही म्हणालात, "मग खालीच जाऊ ना."

संध्याकाळची ओपीडी सुरू होती. तुम्ही पाणी पिण्याच्या जागेजवळचं स्टूल स्वतःच ओढत आणलंत, तीन नंबरच्या पोरीच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "ताई, तुम्ही तुमचं काम करा. मी नुसता पाहतो." ती घाबरली होती. वरून कोणी आलं की आपलं काहीतरी चुकतं, एवढंच तिला माहीत. थोडा वेळ गेल्यावर तुम्ही तिला विचारलंत, तुम्हाला काय वाटतं, कधी होतं हे?

तिनं ड्रॉवर उघडला. खराब झालेल्या केस पेपरांच्या कोऱ्या पाठीवर तिनं सगळं लिहून ठेवलं होतं. कोणत्या वेळी बाहेर फेकलं, तेव्हा काय चाललं होतं. "आजी आधार शोधत होत्या." "बाबा मुलाला फोन लावत होते." "सुट्ट्यासाठी गेले." समज मिळाल्यापासून ती लिहीत होती, स्वतःला वाचवायला. ते कागद तिनं आधी दोघांना दाखवले होते. एकानं बघू नंतर म्हटलं, दुसऱ्यानं त्यावर चहाचा कप ठेवला. तो गोल डाग तुम्हीही पाहिला असेल.

तुम्ही ते कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. चश्मा वर करून, एकेक ओळ. मध्ये कोणीतरी सर्व्हर रूमची किल्ली घेऊन आलं, तर तुम्ही हातानंच थांबा म्हणालात. मग तिला फक्त एवढंच विचारलंत, "म्हणजे पेशंट भराभर कागद देतो तेव्हा कधीच होत नाही?" ती म्हणाली, "कधीच नाही." तुम्ही म्हणालात, "ताई, अर्धं काम तर तुम्हीच करून ठेवलं आहे."

दादा, तुम्ही नंतर जे काही दुरुस्त केलं त्याबद्दल दवाखाना तुमचा ऋणी आहेच. पण माझं हे पत्र त्या कागदांसाठी आहे. ती पोरगी त्या रात्री बसस्टॉपवरून मला फोन करून रडली. "मॅडम, त्यांनी सगळं वाचलं," एवढंच म्हणत होती.

तुम्ही मला समजावलं ते मी आता सगळ्यांना समजावत असते. तो डबा म्हणजे आमच्या दारावरचे मामा. आलेल्या माणसाला ते कोणत्या तरी खिडकीवर धाडतात. तुमचे कागद तीन नंबरवर जमा असतील, तर पुढच्या वेळीही मामांनी तुम्हाला तीनवरच पाठवायला पाहिजे, पाचवर गेलात तर तिथली पोरगी तुम्हाला ओळखणारच नाही. आमच्या डब्याला हे लक्षात ठेवायला सांगितलं होतं, पण फक्त एक मिनिट. मिनिटभर आमच्या कॉम्प्युटरवरून काही हालचाल झाली नाही की तो विसरायचा, आणि पुढच्या क्लिकला मनाला येईल त्या सर्व्हरकडे धाडायचा. लॉगिन पहिल्या सर्व्हरच्या आठवणीत, आणि आम्ही उभे दुसऱ्यापुढे. तो म्हणणार, तुम्ही कोण? सर्व्हर दोनच, म्हणून निम्म्या वेळा नशिबानं तोच मिळायचा. म्हणून कधी व्हायचं, कधी नाही. आणि म्हणूनच भराभर क्लिक करणाऱ्या त्या साहेबांना ते कधी दिसलंच नाही. त्यांच्यासमोर पिशवी उपसणारी आजी नव्हती.

तुम्ही मामांच्या आठवणीवर विसंबणं बंद केलं आणि पोरींच्या ब्राउझरलाच चिठ्ठी दिली, कुकी म्हणतात तिला, तू अमुक सर्व्हरची. चिठ्ठी दाखवली की त्याच दारी. वर हेही सांगितलंत की तो सर्व्हरच पडला तर पुन्हा लॉगिन करावं लागेलच, आणि खरा इलाज म्हणजे लॉगिनची आठवण दोन्ही सर्व्हरला दिसेल अशा जागी ठेवणं, जे सॉफ्टवेअरवाल्यांचं काम आहे. जे झालं नाही ते झालं असं तुम्ही सांगितलं नाही. आम्हाला याची सवय राहिली नव्हती.

बाकीचं मला जेवढं कळलं तेवढं. सीटी मशीनला ब्राउझर नसतो, ते डायकॉम नावाच्या, वैद्यकीय चित्रं पाठवायच्या भाषेत बोलतं, तिथं चिठ्ठी चालत नाही, म्हणून तिथं मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावरूनच ओळख ठेवली. लॅबचं वेगळंच निघालं. लॅबचं मशीन एकदा जोडलं की रात्रभर तीच लाइन धरून ठेवतं. रात्री रिपोर्ट कमी, लाइन शांत, आणि डबा शांत लाइन तोडून टाकायचा. मशीनला ते कळायचंच नाही, आणि पहाटेचा पहिला रिपोर्ट अडकून बसायचा. त्यावरून लॅबवाले आणि आयसीयूच्या सिस्टर यांच्यात किती भांडणं झाली, त्याची मी साक्षीदार आहे. त्या लाइनची मुदत वाढवली आणि मधूनमधून ती चालू आहे का हे विचारायची सोय केली, बस. आणि डबा सर्व्हरची तब्येत पाहायचा ती म्हणजे फक्त पोर्ट, सर्व्हरचं दार म्हणा, उघडा आहे का. सॉफ्टवेअर आत अडकून पडलं तरी पोर्ट उघडाच राहतो, म्हणून कंपनीकडे सगळं हिरवं. आता तो एक पान मागतो, जे डेटाबेसला विचारल्याशिवाय येतच नाही.

आणि दुसरा डबा! एक पडला तर दुसरा काही सेकंदांत त्याची जागा घेतो, म्हणून दोन घेतले होते. बिल दोन्हींचं गेलं होतं. दुसरा स्टोअरमध्ये थर्माकोलात पॅक सापडला, वर सलाइनचे खोके. तुम्ही हसला नाहीत, आम्ही मात्र खूप हसलो. नंतर तो जोडून, आयसीयू, लॅब, सीटी सगळ्यांना स्वतः फोन करून विचारून, मध्यरात्रीनंतर तुम्ही चालू डब्याची वायर उपटून दाखवलीत. माझ्या छातीत धस्स झालं होतं. खिडकीवरच्या पडद्यावर एक गोल फिरला आणि काम पुढे चालू.

चांगली माणसं आमच्या विदर्भात कमी नाहीत, ना बा. मेडिकल चौकात अनोळखी पेशंटच्या नातेवाइकांना जेवणाचे डबे आणून देणारे लोक मी वर्षानुवर्षं पाहते. तापलेल्या दुपारी स्वतःच्या दारात माठ ठेवणारे आहेत. पण हुशार माणसानं कमी पगाराच्या माणसाचं ऐकून घेणं, मध्ये न बोलता, हे मी फार कमी पाहिलं आहे. डॉक्टरांतही कमी. जे मोठे डॉक्टर खरोखर मोठे आहेत ते पेशंटच्या शेजारी बसतात आणि आधी विचारतात, कधीपासून दुखतं. बाकीचे फाइल पाहतात. तुम्हाला डॉक्टर व्हायला हरकत नव्हती.

मीटिंगमध्ये तुमचा कागद मोठ्यानं वाचला गेला, तेव्हा तुम्ही नव्हता म्हणून सांगते. त्यात पहिलीच ओळ होती, दोष नोंदणी कर्मचाऱ्यांचा नाही. आणि खाली, निदान कशावरून केलं या जागी तुम्ही लिहिलं होतं, खिडकी क्रमांक तीनच्या नोंदी. प्रशासनाच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. समजेचं पत्र मागे घेतलं गेलं, लेखी. ज्यांनी तिला समज दिली होती त्यांनी तोंडी काही म्हटलं नाही, तेवढं त्यांच्याकडून व्हायचंही नव्हतं. माउसचं ट्रेनिंग देणारे मात्र त्या दिवशी कँटीनमध्ये दिसले नाहीत. कंपनीचाही फोन आला होता, आमचा डबा कसा छान चालतो याबद्दल दोन ओळी लिहून द्याल का. मी म्हटलं, लिहिते की, फक्त तुमच्या माणसाला इथं खिडकीवर येऊन बसावं लागेल.

आता कामाचं. तुम्ही बिल दिलेलं नाही. अकाउंट्सवाले तुमच्या पॅन नंबरसाठी माझ्या मागे लागले आहेत, कारण मंजुरी होऊन पडली आहे आणि पैसे कोणाच्या नावानं काढायचे ते त्यांना कळत नाही. "असू द्या हो, काय त्यात" हे माझ्यापाशी चालणार नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दिवाळीनंतर येणार आहे म्हणतात, आणि तेव्हा मी तुम्हाला फोन करणारच आहे. फुकटात बोलवायला मला लाज वाटेल, म्हणून या आठवड्यात बिल पाठवा. स्टूलचंही भाडं लावा वाटलं तर.

आपली,
नोंदणी विभाग, ओपीडी
धंतोली, नागपूर